बाबांचा म्हातारा, आईची विळी

नेरूळच्या आमच्या घराला दोन खोल्या होत्या आणि एक बाल्कनी, आणि ती बाल्कनी नेमकी कोणाची हा प्रश्न माझ्या लहानपणी कधीच सुटला नाही. आईचं म्हणणं, बाल्कनी कपडे वाळत घालायला असते, पापड वाळवायला असते, फार तर तुळशीला असते. बाबांचं म्हणणं असं काही नसायचंच. ते ऑफिसातून यायचे, चहा प्यायचे आणि हळूच बाल्कनीत जाऊन बसायचे, आणि दर महिन्याला तिथे एकदोन कुंड्या वाढलेल्या असायच्या. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "मिळाली." कठड्याला लागून लाकडी फळ्यांची उतरंड होती आणि तिच्यावर गोल, उभे, चपटे, काठीसारखे असे सगळ्या आकारांचे निवडुंग. वाळत घातलेली चादर काढताना आईच्या बोटात काटा गेला नाही असा आठवडा जात नसे. शेजारच्या काकूंनी तिला सांगितलं होतं की काटेरी झाडं घरात ठेवली की घरात भांडणं होतात. आई म्हणाली, झाडांचा काय दोष, ती नसती तरी मी भांडलेच असते.

तेव्हा आमच्या इमारतीपुढे मोकळं माळरान होतं. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की त्याला मिठागरांचा खारट, थोडा कुबट वास असायचा आणि अंधार पडला की कांदळवनातून कोल्हे ओरडायचे. आई कराडकडची, तिला ऊस आणि विहिरी माहीत. या खाऱ्या वाऱ्यात कोथिंबीरसुद्धा धड येत नाही म्हणून ती सुरुवातीला फार हिरमुसली होती. आता त्या माळरानावर इतक्या उंच इमारती आहेत की वारा कुठून येतो तेच कळत नाही, पण परवा एका मैत्रिणीच्या विसाव्या मजल्यावर गेले तर तिच्या खिडकीतून तोच वास आला, आणि मी उठून खिडकीपाशी गेले.

त्या सगळ्या काटेरी गोतावळ्यात एक 'म्हातारा' होता. हे नाव बाबांनी दिलेलं नाही, जगभर त्याला असंच काहीतरी म्हणतात. उभा खांबासारखा निवडुंग, पण अंगभर पांढरे लांब केस, डोक्यापासून पायापर्यंत पिंजारलेले. काटे आहेत, पण केसांच्या आत दडलेले. मी रांगत होते तेव्हा बाबांनी तो बियांपासून लावला. मी कॉलेजात जायला लागले तेव्हा तो जेमतेम माझ्या गुडघ्यापर्यंत पोहोचला होता. ही झाडं वाढतात तीच मुळी कंटाळत कंटाळत. प्रदर्शन जवळ आलं की एखाद्या कोरड्या दिवशी बाबा त्याचे केस शॅम्पूच्या पाण्यानं धुवायचे, जुन्या टूथब्रशनं विंचरायचे आणि पंख्यासमोर ठेवायचे. आई म्हणायची, पोरीच्या वेण्या एकदा तरी घातल्यात का तुम्ही? बाबा नुसते हसायचे. खरं सांगायचं तर मलाही थोडा हेवा वाटायचा त्या झाडाचा.

बाबांना हा नाद लावला तो वाशीच्या निवडुंग मंडळानं. मंडळ म्हणजे पंधरावीस माणसं. बँकेतले, शाळेतले, कंपनीतले, दोनतीन घर सांभाळणाऱ्या बायका. महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमायचं, सतरंजीवर बसायचं, प्रत्येकानं आपलं एखादं झाड आणून मधे ठेवायचं आणि मग त्याच्याकडे सगळ्यांनी डॉक्टरांसारखं बघायचं. कोणाच्या झाडाला पिल्लं आली असली तर ती वाटायची. शेवटी चहापोहे यायचे आणि चहाच्या बरोबर एक चिमटा फिरायचा. प्रत्येकानं आपल्या बोटातले काटे काढायचे आणि तो पुढच्याला द्यायचा. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी पाहुणे आले की असा चिमटा देतात. माती कशी कालवायची यावर त्यांच्यात तासन्‌तास वाद चालत. एकदा कोणी हौसेनं खाडीची फुकटची वाळू वापरली आणि मिठानं त्याची सगळी झाडं गेली, ती गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगितली जायची. विटांचा चुरा आणायला सगळे मिळून टेम्पोनं जासईच्या बाजूला जायचे. हाडांचा चुरा घालायचं ठरलं तेव्हा मात्र आईनं सांगितलं की माझ्या घरात तो येणार नाही. आला नाही. बाबा तो पाटणकर काकांकडे ठेवायचे आणि कुंड्या तिकडे घेऊन जायचे.

पाटणकर काका म्हणजे मंडळाचे सर्वेसर्वा. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बारीक, स्वच्छ, बोलायला अतिशय मऊ. त्यांनी मंडळाचे नियम केले होते आणि ते स्वतः काटेकोरपणे पाळायचे. त्यातला एक नियम सगळ्यांत वरचा. दुसऱ्याच्या झाडाला मालकाला विचारल्याशिवाय पातं लावायचं नाही. झाड कुजत असो, कलम करायचं असो, पिल्लू तोडायचं असो, सुरी मालकाच्या हातात, नाहीतर त्याच्या तोंडी परवानगीनं. यामागे कधीतरी मोठं भांडण झालं होतं म्हणतात. काय झालं होतं ते कोणी सांगत नसे, पण नियम मात्र सगळे देवासारखा मानत.

मी अकरावीत असताना बाबांना मस्कतला नोकरी मिळाली. तेव्हा आमच्या इमारतीतले निम्मे पुरुष आखातात नाहीतर जायच्या वाटेवर असायचे, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. आईनं लोणच्याच्या बरण्या बांधल्या, बाबांनी आम्हाला झाडांबद्दल सूचना दिल्या. जायच्या आधी पाटणकर काका घरी आले. मंडळाची पद्धत अशी की कोणी लांब गेलं तर त्याच्या झाडांना दुसरा सभासद पालक होतो. काका म्हणाले, वहिनी, निदान म्हातारा तरी मी घेऊन जातो, तो जरा नाजूक प्रकृतीचा आहे. आई चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "भाऊजी, यांचं पोरगं मी सांभाळतेच आहे की. म्हाताऱ्याचंही बघेन." काका ओशाळले. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. आणि म्हातारा आमच्याकडेच राहिला.

आईनं हे का केलं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. इतकी वर्षं ती झाडांच्या नावानं बोटं मोडत होती. पण बाबा गेल्यावर ती रोज संध्याकाळी बाल्कनीत जाऊन बसायला लागली, अगदी बाबांच्या जागेवर. आधी नुसती बसायची. मग म्हाताऱ्याच्या केसांत अडकलेला कचरा काढायला लागली. मग एकदा मी अभ्यास करत होते तर तिचा आवाज आला. ती त्याला सांगत होती की आज दुधाला उशीर झाला. मला हसू आलं, आणि मग एकदम वाईट वाटलं. घरात मी होते, पण मी तेव्हा त्या वयात होते जेव्हा मुलं घरात असून नसतात. बाबांची आठवण येते असं आई कधी म्हणाली नाही. तसं म्हणायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

एप्रिल-मे महिना आला. कठडा हात लावला तर पोळेल असा तापायचा. बाबांनी सांगितलं होतं की उन्हाळ्यात आठवड्यातून ओंजळभर पाणी, त्याहून जास्त नाही. आईला ते बघवेना. आम्ही माठातलं गार पाणी पितो आणि हा बिचारा उन्हात कोरडा उभा, हे तिच्या मनाला पटत नव्हतं. भाताचे तांदूळ धुतले की ते धुवण ती तुळशीला घालायची, कढीपत्त्याला घालायची, त्यानं दोन्ही झाडं कशी टवटवीत असत. तेच धुवण म्हाताऱ्याला मिळायला लागलं. रोज. आणि म्हातारा काय सांगू, बाळसं धरल्यासारखा फुगला. अंगानं भरला, केस विरळ वाटायला लागले इतका. आईच्या चेहऱ्यावर असं समाधान यायचं, जणू ती म्हणतेय, यांनी इतकी वर्षं ह्याला उपाशीच ठेवलं होतं.

जूनच्या सुरुवातीला मंडळाची बैठक सारसोळ्याला सुमनताईंकडे होती. सुमनताई मूळच्या तिथल्याच. नवऱ्याचा बांधकामाचा व्यवसाय, गावात तीन मजली घर आणि गच्चीभर निवडुंग. हातभर सोन्याच्या बांगड्या घालून त्या कुंड्या उचलायच्या आणि काटा गेला तर शिवी घालून स्वतःच हसायच्या. बैठकीला त्या तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी करत, आणि शाकाहारी मंडळींसाठी वेगळं काहीतरी. बाबा नसल्यानं आम्हाला जायचं काही कारण नव्हतं, पण आई म्हणाली, जाऊ या. तिनं म्हाताऱ्याला उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसली. तिला तो त्या लोकांना दाखवायचा होता. विशेषतः पाटणकर काकांना.

सतरंजीवर मधोमध तिनं त्याला ठेवलं, अभ्रा काढला आणि बाजूला होऊन बसली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून ते उतरताना मलाच पहिल्यांदा दिसलं. पाटणकर काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.  शेवटी सुमनताई पुढे सरकल्या, बुंध्यापाशी केस बाजूला केले आणि अंगठ्यानं दाबलं. अंगठा आत गेला. पिकलेल्या पपईत जावा तसा.

"बाय माजे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्याचा बूड सडलाय गो. किती पानी घातलंस?"

आईनं सांगितलं. रोजचं धुवण, सगळं. काही लपवलं नाही, पण तिचा आवाज खाली खाली जात होता. मला तिथल्या सगळ्या माणसांचा राग आला, त्यांनी तिला काही म्हटलं नव्हतं तरीही.

मग त्यांच्यात बोलणं झालं ते असं. कूज बुंध्यातून वर चढते. खालून कापत जायचं, जिथे आतलं अंग स्वच्छ लागेल तिथे थांबायचं, वरचा तुकडा सुकवायचा आणि मग कोरड्या वाळूत ठेवून मुळं फुटतात का ते बघायचं. या जातीला फुटतातच असं नाही. नाही कापलं तर मात्र आठ-पंधरा दिवसांत सगळाच जाईल. सुमनताईंनी तिथल्या तिथे सुरी मागवली. पाटणकर काकांनी हात वर केला. बाबांना ते आडनावानंच हाक मारायचे. म्हणाले, झाड जगतापांचं आहे. त्यांना विचारल्याशिवाय मी पातं लावणार नाही आणि लावू देणार नाही. वहिनी, शुक्रवारी फोन येतो ना त्यांचा? परवानगी घ्या आणि मला कळवा, शनिवारी सकाळी मी स्वतः येऊन कापतो.

सुमनताई चिडल्या. "मालक मस्कतला हाय आनि झाड हितं मरतंय. कूज काय शुक्रवारची वाट बघनार हाय?" पण नियम तो नियम. काकांनी आईला गंधकाची पूड दिली, कापल्यावर लावायला, आणि आम्ही म्हाताऱ्याला परत अभ्र्यात गुंडाळून घरी आणलं. परत येताना आई त्याला मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिला त्या झाडाचं दुःख होतं, पण त्याहून मोठी भीती मला कळत होती. बाबांनी जन्मात तिच्याकडे काही सोपवलं असेल तर ते एवढंच. घर सोपवलं, मला सोपवलं, असं कोणी म्हणत नाही, ते आपोआप येतं. म्हातारा तिनं मागून घेतला होता. आणि दिवाळीला बाबा रजेवर येणार होते.

फोन तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे यायचा, शुक्रवारी, कारण मस्कतला शुक्रवारी सुट्टी. आम्ही दोघी त्यांच्या बाहेरच्या खोलीत बाकावर बसून राहायचो. त्या शुक्रवारी आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. घंटा वाजली. तिनं विचारलं, जेवण कसं आहे, खोकला गेला का, अंगावर काढू नका. मी तिच्या शेजारी उभी, आता सांगेल, मग सांगेल. पलीकडून बाबांचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. म्हातारा कसा आहे, असं विचारत होते.

"आहे," आई म्हणाली. मग माझ्या हातात रिसीव्हर दिला.

मला तिचा भयंकर राग आला. जिन्यानं वर येताना मी म्हटलं, तू घाबरलीस. ती पुढे चढत राहिली. मग मी त्या दिवशी तिच्याशी बोलले नाही. त्या वयात माझे अबोले फार कडक असायचे.

शनिवारी सकाळी उठले तर स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्रं पसरलेली. मधे आईची विळी, शेजारी परात, स्पिरिटची बाटली, कापसाचा बोळा. काकांना तिनं बोलावलंच नव्हतं. मला म्हणाली, "त्याला टॉवेलात धर आणि माझ्या हातात दे." मी विचारलं, बाबांना न विचारता? ती म्हणाली, "दे." आईनं म्हाताऱ्याला दोन्ही हातांत आडवा धरला, विळीवर एक पाय रोवला आणि दुधी चिरावा तसा बुंधा पात्यावरून पुढे ढकलला. पहिला तुकडा परातीत पडला तो तपकिरी, पिचपिचीत, आंबूस वास मारणारा. तिनं पातं स्पिरिटनं पुसलं. दुसरा तुकडा. तपकिरी. परत पुसलं. तिसरा, चौथा. कडेनं हिरवा व्हायला लागला, पण मधे तपकिरी वर्तुळ तसंच. बाबांनी जपलेली वर्षांमागून वर्षं ती चकत्या करून परातीत टाकत होती.  वर्तुळ बारीक झालं, मग तुटलं, मग मोहरीएवढा एकच डाग राहिला. हातात उरलेला तुकडा आता वीतभरच होता. मी म्हटलं, आई, पुरे, एवढासा डाग आहे. तिनं त्या डागाकडे बघितलं आणि आणखी एक चकती कापली. आतून सोललेल्या काकडीसारखा स्वच्छ, ओला, फिकट हिरवा गाभा निघाला. आईनं त्यावर गंधक लावलं, वर चिमूटभर हळदही लावली, आणि मग हात धुऊन नळापाशीच पाठमोरी उभी राहिली. मी जाऊन तिला मागून धरलं. अबोला तिथे संपला.

तो वीतभर तुकडा एका स्टीलच्या पेल्यात उभा करून कपाटावर, पंख्याच्या वाऱ्यात ठेवला. पाऊस सुरू झाला, भिंतींना ओल आली, लोणच्याला बुरशी आली, त्याला मात्र आली नाही. कापलेली बाजू सुकून चामड्यासारखी झाल्यावर सुमनताईंनी नदीची धुतलेली वाळू आणून दिली आणि त्याला तिच्यात बसवलं. मुळं आली का ते हलवून बघायचं नाही, असं त्यांनी आईला बजावलं. हलवलं की कोवळी मुळं तुटतात. मग पूर्ण पावसाळा तो तसाच. वाढला नाही, सुकला नाही, मेला नाही, जगलाय असंही दिसेना. पाटणकर काका एकदा येऊन बघून गेले. त्यांना झाला प्रकार पटला नव्हता, पण दाराशी चपला घालताना म्हणाले की काप फार सरळ आहे, वहिनी. आता आमच्या मंडळाचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यात रोज कोणीतरी कुजलेल्या झाडाचा फोटो टाकून विचारतं, कापू का? पन्नास जण पन्नास सल्ले देतात. मी काही लिहीत नाही. विचारेपर्यंत निम्मा वेळ गेलेला असतो हे कळायला त्यांना त्यांचं झाड जावं लागेल.

शुक्रवारचे फोन येत राहिले. बाबा दर वेळी विचारायचे, आई दर वेळी म्हणायची, आहे. मी दर वेळी तिच्या तोंडाकडे बघायची आणि मला वाटायचं, ही दिवाळीला काय करणार?

बाबा आले ते काळे पडून, बारीक होऊन, मोठ्या दोन बॅगा घेऊन. मी त्यांच्या गळ्यात पडले. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्यांनी पाय धुतले, देवापुढे डोकं टेकलं, आणि चहा व्हायच्या आत बाल्कनीत गेले. मी मागे धावले. आई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली, ओल्या हातांनी.

बाबा म्हाताऱ्यापुढे उकिडवे बसले होते. गुडघाभर उंचीचं झाड ते ठेवून गेले होते आणि समोर वीतभर डोकं वाळूत बसवलेलं होतं. आमच्याकडे पाठ होती म्हणून त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"पाणी मी जास्त घातलं," आई म्हणाली. "बुंधा कुजला. पाटणकर भाऊजी तुम्हाला विचारा म्हणत होते. मी विचारलं नाही. कापलं ते मीच."

बाबा पुढे वाकले. त्यांनी कुंडी एका हातानं धरली, दुसऱ्या हाताची दोन बोटं केसांतून आत घातली आणि झाड अगदी हलकेच वर ओढलं. हलवायचं नाही असं सांगितलं होतं, मला ओरडावंसं वाटलं. झाड हललं नाही. त्यांनी कुंडीवरचा हात काढून पुन्हा थोडं ओढलं, तर झाडाबरोबर कुंडीच उचलली गेली; मुळांनी वाळू धरली होती. त्यांनी ती खाली ठेवली आणि विस्कटलेले केस बोटांनी सारखे केले.

"मला नसतं कापवलं," ते म्हणाले. "मी थांबू या, थांबू या करत राहिलो असतो. फोनवरही तेच सांगितलं असतं."

"माहीत होतं," आई म्हणाली. "म्हणून तर विचारलं नाही."